क्लिफ ऑलसॉपचा उजवा गुडघा

डॉक्टर पद्माकर देवस्थळींनी सिरिंज भरली. बाटलीवर लेबल होतं बधिर करणाऱ्या औषधाचं. आत होतं मिठाचं पाणी. ते भरणारे देवस्थळी स्वतःच.

समोर बाकावर क्लिफ ऑलसॉप पाय पसरून बसला होता. वय एकतीस, फुटबॉल क्लबचा सेंटर फॉरवर्ड, या मोसमात एकोणीस गोल. बाहेर स्टँडमध्ये लोक त्याच्याच नावानं घसा फोडत होते. एकोणीसशे एकाहत्तरचा मार्च, तीन वाजता कपची मॅच, ग्राउंडवर नुसता चिखल. आणि याच्या उजव्या गुडघ्यातली गादी फाटलेली. ऑपरेशन करायलाच हवं, असं देवस्थळींनी दोनदा लिहून दिलं होतं. मॅनेजर क्रॅबट्रीनं दोन्ही चिठ्ठ्या खिशात घातल्या आणि सांगितलं, मे महिन्यापर्यंत सुई मारत राहा, पुढचं पुढे. मेमध्ये क्लिफचा करार संपत होता. मग गुडघा राहिला काय नि गेला काय, क्रॅबट्रीच्या बापाचं काय जात होतं?

देवस्थळी आठवडाभर नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात असायचे आणि शनिवारी क्लबमध्ये. पहिल्या शनिवारी त्यांनी खरं औषध दिलं. क्लिफ नव्वद मिनिटं बेफाम धावला आणि संध्याकाळी गुडघा नारळाएवढा झाला. दुखलंच नाही तर माणूस थांबणार कधी? अशा आणखी चार मॅचेस, की हा गडी जन्माचा लंगडा. पुढच्या शनिवारपासून बाटलीत पाणी आलं. देवस्थळींना वाटलं, दुखेल तेव्हा आपणहून बाहेर येऊन बसेल. पण कसलं काय. सहा शनिवार झाले, हा बाबा ब्र काढत नव्हता.

तेच तर भयंकर होतं. दुखत नाही म्हणजे आतल्या नसा मेल्या की काय? आणि दुखत असेल, तर आज ना उद्या बोलेलच. मग चौकशी होणार, डॉक्टरांच्या रजिस्टरमधून नाव जाणार, रोग्याला फसवणारा इंडियन डॉक्टर म्हणून पेपरात फोटो येणार. बायकोला, सुमनला, त्यांनी यातलं अक्षरही सांगितलं नव्हतं. ती आपली त्यांच्या जुन्या सवयींची थट्टा करण्यात मग्न. परवाच बसमध्ये एका गोऱ्या म्हातारीला यांचा बूट लागला, तर घरच्या वळणानं यांनी तिच्या कोटाला हात लावला आणि तो आपल्या कपाळाला नेला. म्हातारी दचकून उठलीच. इंग्लंडात सात वर्षं काढली, तरी चूक झाली की हात आपला जायचाच. अहो, इथे नुसतं सॉरी म्हणतात, असं म्हणत सुमन घरी येईपर्यंत हसत होती.

सुई आत गेली, बाहेर आली. देवस्थळींनी कापूस दाबला, हात गुडघ्यावरून उचलला आणि कपाळाला लावला. कपाळ घामानं चिंब होतं.

दहाएक मिनिटांनी क्रॅबट्री आत आला. एरवी दारातूनच डोकावून जायचा. आज त्यानं दार लावून घेतलं. गेल्या शनिवारी क्लिफ सबंध मॅचभर एकदाही उजवीकडे वळला नाही, हे त्याच्या नजरेतून सुटलं नव्हतं. या सुईवर आपला भरवसा नाही, असं त्यानं देवस्थळींना तोंडावर सांगितलं. नवी सुई मारायला त्यानं शहरातून स्वतःचा डॉक्टर बोलावला होता. तो बाहेर पॅसेजमध्ये बॅग घेऊन बसलाच होता.

क्रॅबट्री क्लिफसमोर उकिडवा बसला आणि त्यानं गुडघ्याच्या आतल्या बाजूला, नेमका फाटल्या जागी अंगठा ठेवला. देवस्थळींचं धाबं दणाणलं. त्या जागी नुसतं बोट लागलं तरी माणूस ओरडला असता.

"खरं सांग," क्रॅबट्री म्हणाला आणि त्यानं अंगठा रुतवला. "दुखतंय?"

क्लिफनं जांभई दिली. "कुठे दाबताय तुम्ही?"

अंगठा आणखी रुतला. क्लिफ भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिला. शेवटी क्रॅबट्री उठला, बाहेर जाऊन त्यानं आपल्या डॉक्टरला सांगितलं की काम नाही, मॅच बघ आणि घरी जा.

देवस्थळींना वाटलं, संपलं सगळं. नसा मेल्या. या माणसाचा पाय आपणच मारला, दुसऱ्या कुणी नाही. ते गुडघ्याला पट्टी बांधायला वाकले, आणि तेव्हा त्यांना दिसलं की क्लिफचा चेहरा खडूसारखा पांढरा पडला आहे. त्यानं बाकाखाली लपवलेली मूठ हळूहळू उघडली. तळहातात नखं रुतून रक्त आलं होतं.

"त्या बाहेरच्या डॉक्टरची सुई घेतली असती तर मला काहीच कळलं नसतं, डॉक," श्वास जुळवत तो म्हणाला. "दुखतं म्हणून तर समजतं, कुठे वळायचं नाही ते."

पाण्याचं कधीपासून माहीत आहे, असं देवस्थळींनी विचारलं.

"दुसऱ्या शनिवारपासून. आधी वाटलं, औषध जुनं असेल." क्लिफनं आपल्याच गुडघ्याला दोन बोटं लावली आणि ती कपाळाला नेली. "सुई मारून झाली की तुम्ही दर वेळी हे करता. खरं औषध दिलंत, त्या दिवशी नव्हतं केलं."