टचअप

पंचवीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवणाऱ्या त्यानं बायकोच्या ऑपरेशनसाठी मदतीचा मेसेज सगळ्यांना पाठवला. सोबत हॉस्पिटलच्या खाटेवरचा तिचा फोटो. तीन दिवसांत पैसे जेमतेम आले, "वहिनी किती छान दिसतायत!" मात्र ढीगभर.

"दादा, फोटोत वहिनी ठणठणीत दिसतेय. कोण देणार पैसे?" धाकटा भाऊ वैतागला.

तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं. हाताच्या सवयीनं त्यानं टचअप केला होता. डोळ्यांखालची काळी वर्तुळं घालवली होती, गालांवर तजेला आणला होता.

तो पुन्हा कॅमेरा घेऊन वॉर्डात गेला.

"आज आहेस तशीच काढतो."

तिनं केसांकडे नेलेला हात खाली घेतला.

"काढा. पण पहिला डिलीट करू नका हं. भिंतीवर लावायला तोच बरा."