दोन बोटं

सगळं नवं घातलं होतं: स्प्रिंगचे पाटे, शॉक-अब्सॉर्बर, चारही टायर. तरी ती जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअप सपाट लादीवर डाव्या अंगाला दोन बोटं खालीच. तीस वर्षं गाड्यांखाली लोळतोय मी. असा अपमान कुठल्या गाडीने केला नव्हता.

दुपारी मालकीणबाई गाडी न्यायला आल्या. त्यांचे यजमान जाऊन वर्ष झालं होतं. गाडी पहिल्यापासून बाईच चालवायच्या. यजमान डावीकडे बसून वाट सांगायचे, अगदी घरच्या गल्लीतसुद्धा.

"ताई, पाटे परत खोलतो. दोन दिवस द्या."

"काही खोलू नका, मिस्त्री. तुमची चूक नाही ती."

त्यांनी डावीकडचं दार उघडलं आणि रिकाम्या सीटला रोजच्या आवाजात सांगितलं, "उतरा आता. मला सगळे रस्ते पाठ झालेत."

आधी काहीच झालं नाही. मग पाटे कुरकुरले आणि गाडी सावकाश वर आली. मी टेप लावली. दोन्ही बाजू अगदी सारख्या.

माझा जीव भांड्यात पडला. कामात खोट नव्हती. बाईंच्या खांद्यावरूनही काहीतरी उतरल्यासारखं दिसलं. त्यांनी दार लावलं, पलीकडून आत बसून आरसा नीट केला आणि निघून गेल्या. मागे एकदाही बघितलं नाही.

मी हात पुसले आणि जेवायला घरी जावं म्हणून माझ्या गाडीकडे वळलो.

ती डावीकडे दोन बोटं खाली बसली होती.