काचेची मतपेटी

काचेच्या गोल मतपेटीशेजारी ऑरिन पेनिमन सकाळपासून खुर्ची टाकून बसला होता. पेटी त्याच्याच कारखान्यात घडवलेली. लाकडी पेटीत काय काळंबेरं चालतं ते कुणाला दिसत नाही, म्हणून त्याने ती वस्तीला भेट दिली. विधानसभेचा उमेदवारही तोच.

मताचे कागद ज्या त्या पक्षाने छापून वाटलेले. ऑरिनच्या पक्षाचे निळे, समोरच्यांचे पिवळे. राज्यपालही तिकडे मतानेच निवडला जाई; त्याच्यापासून आमदारापर्यंत सगळी नावं एकाच कागदावर. एखादं नाव नको असेल तर खोडून दुसरं लिहायला टेबलावर पेन्सिल होती. तिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

ऑरिन आधी साधा काच फुंकणारा. गाल लोंबेपर्यंत राबला, मग मालक झाला. जुलै-ऑगस्टात, म्हणजे तिकडच्या ऐन उन्हाळ्यात, भट्ट्या विझवायच्या, ही जर्सी राज्यातल्या काच कारखान्यांची जुनी रीत. यंदा त्याने ती मोडली. भर उन्हाळ्यात दोघे कामगार भट्टीपुढेच कोसळले. आज हरलो तर हे लोक डोक्यावर बसतील, ही धास्ती त्याला होतीच. पण कामगार रांगेने आले, टोप्या काढून अदबीने दोन शब्द बोलले, आणि घडी घातलेले निळे कागद पेटीत पडत गेले. त्याचा जीव भांड्यात पडला.

दुपारी सायलस ट्रूब आला. दोघे एकाच भट्टीवर काम शिकलेले. ऑरिनला अरे-तुरे करणारा कारखान्यात तो एकटाच. उन्हाळ्यात मालकाला तोंडावर चार शब्द सुनावणाराही तोच. त्याने सगळ्यांदेखत पिवळा कागद पेटीत टाकला.

"माझ्यासमोर?" ऑरिन म्हणाला.

"माझा पक्ष आहे तो. तुला घाबरून बदलू होय?"

"मग उद्यापासून कामावर येऊ नकोस."

सायलसने टोपी चढवली. "बरं बाबा," म्हणाला आणि गेला.

संध्याकाळी पेटी टेबलावर रिकामी केली. निळ्या ढिगात तो एकच पिवळा. ऑरिनने सगळ्यांसाठी व्हिस्की मागवली.

मतं मोजणाऱ्या कारकुनाने पहिला निळा कागद उलगडला आणि ऑरिनपुढे सरकवला. ऑरिनच्या नावावर डिंकाने एक पट्टी चिकटवलेली होती, आणि पट्टीवर विरोधकाचं नाव. दुसऱ्यावर तेच. तिसऱ्यावरही तेच. सगळे घरूनच चिकटवून आले होते. अख्ख्या निळ्या ढिगात ऑरिनचं नाव उघडं निघालं ते फक्त त्याच्या स्वतःच्या कागदावर.

राहिला पिवळा. त्यावर विरोधकाचं नाव शाईने खोडलेलं होतं, आणि वर सायलसच्या वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं होतं, ऑरिन पेनिमन.