पाहुण्यांचा उपास

“आज माझा उपास असतो,” म्हणत पाहुण्यांनी हुरड्याची पत्रावळ अलगद बाजूला सारली.

मंडळी हिरमुसली. मृदा अभ्यासक मंडळाच्या सभा एरवी शहरात, एका भाड्याच्या खोलीत होत. पण नवा माणूस जोडायचा तो हुरड्यालाच, असा त्यांचा रिवाज. ज्या मातीवर लिहायचं, तिचं आधी खावं, असं अध्यक्ष तात्यासाहेब म्हणत. यंदा सगळे सचिव रामकिसनच्या करमाडच्या रानात, हुरडा भाजायच्या आगटीभोवती बसले होते. मंडळाची दोन नियतकालिकं छापणाऱ्या जुन्या प्रकाशकानं हात वर केले होते. नवा मिळाला नाही, तर रामकिसननं उभं आयुष्य घातलेलं काम बंदच पडणार होतं. किती उंबरठे झिजवले, कुणी दारात उभं केलं नाही. आणि हे पाहुणे, पुण्याच्या प्रकाशन कंपनीचे एक अधिकारी, आपणहून आले होते.

अट एकच होती. शेंद्रा-करमाड पट्ट्यातल्या मातीवर वर्षभर काही छापायचं नाही; आधी त्यांचे तज्ज्ञ बघणार. तिथले नमुने अजून तपासायचेच होते, म्हणून कुणाला जड गेलं नाही. फक्त काकासाहेब, मंडळातले सगळ्यात तिरसट सभासद, पुटपुटले, “आपल्या मातीचं यांना एवढं काय पडलंय?”

“मोठी माणसं आहेत,” तात्यासाहेब म्हणाले. “ओढ्याच्या वरच्या अंगाला तो रसायनांचा कारखाना आहे ना, तोही यांच्याच मालकांचा. म्हणजे आपल्याच भागातले झाले की!”

ओढ्याच्या पाण्यावरची ज्वारी यंदा माणसाला झाकेल एवढी वाढली होती. गंमत म्हणजे कणसांवर तुटून पडणारी पाखरं मात्र फिरकली नव्हती. राखणीचा ताप वाचला म्हणून रामकिसन खूश होता. त्याची नात सकाळपासून आगटीपाशीच ठाण मांडून होती.

पाहुणे मोटारीतून आणलेल्या बाटलीतलं पाणी पीत राहिले. रामकिसनच्या बायकोला, आवडाबाईला, ते बघवेना. आपल्या रानातून माणूस उपाशी जाणार म्हणजे काय! तिनं खोपीतून शेंगदाण्याचे लाडू काढले आणि बाभळीखाली बसलेल्या पाहुण्यांपुढे नेऊन ठेवले.

उन्हं कलताना करारावर सह्या झाल्या. पाहुण्यांची मोटार जालना रस्त्याला लागली, तसे रामकिसनचे डोळे भरून आले.

“आवडा, जगली गं आपली नियतकालिकं.”

“आन् पाहुणा बी उपाशी गेला नाय,” आवडाबाई समाधानानं म्हणाली. “पर लई चौकस बाई तो मानूस. शेंगदाणे ह्याच रानातले का, म्हनून पुन्ना पुन्ना इचारू लागला. म्या म्हनलं नाय, माझ्या माह्यारचे हायेत, गंगापूरचे. तवा कुठं हात लावला. मग मातर समदे खाल्ले.”

रामकिसन हसला. मग त्याचं हसू जागीच थांबलं. त्यानं ओढ्याकडे पाहिलं, पाखरू नसलेल्या त्या उंच कणसांकडे पाहिलं.

आगटीपाशी नात हुरड्याचा बकाणा भरत होती. रामकिसन धावत गेला आणि त्यानं तिच्या तोंडात बोट घातलं.