हातानं उघडणारं लॉक

मंगलनं चेनवर झीज मोजायचं गेज ठेवलं तसा त्याचा दात सळकन आत गेला. तिनं जागा बदलून पुन्हा ठेवलं. तिथंही तेच. चेन पार ताणली होती.

"सुभेदार, ही चेन मीच घातलीया. दोन महिनं झालं न्हाईत अजून."

लालासाहेब दुकानाच्या पायरीशी स्टुलावर बसले होते. फौजेतनं येऊन पंधरा वर्षं झाली, पण पाठ अजून ताठ. "व्हय. तूच घातलीस."

"मग चालवतंय कोण?"

"कोणबी न्हाई."

सायकल त्यांच्या मुलाची, वीरधवलची. नऊ गिअरची. गेल्या वर्षी मेढ्याकडच्या घाटात ट्रकनं त्याला उडवलं, तो जागीच गेला. दीड-दोन महिन्यांपूर्वी वाकलेली चाकं सरळ करून, चेन नवी घालून मंगलनंच सायकल उभी करून दिली होती, ती सोप्यात भिंतीला लावून ठेवायला. बाप म्हणाला होता, नजरेसमोर असू दे.

मंगलनं कड्यांवरनं फडकं फिरवलं. फडकं तांबड्या मातीनं माखलं. इथं पलूसची माती काळी, तांबडी ती तिकडं मेढ्याच्या घाटात. शेतातनं नेली, ओढ्यातनं नेली तरी सायकलीला काळाच चिखल लागतो. तिनं फडक्याकडं बघितलं, मग लालासाहेबांकडं. ते रस्त्याकडं बघत होते.

"रोज सकाळी सीट गरम असतंय," ते म्हणाले. "मी हात लावून बघतो."

समोरच्या गिरणीचा पट्टा भर दुपारी फटफट वाजत होता. मंगलचा हात सीटकडं गेला, तो तिनं मागं घेतला.

"नवी चेन घालू?"

"चेन नको. लॉक पायजे. हातानं काढता-घालता येणारं."

मंगलनं डबा उघडला. कामाचं बोलायला मिळालं म्हणून तिला जरा बरं वाटलं. चेनची दोन टोकं जोडणारी कडी म्हणजे लॉक. त्यात दोन तऱ्हा. "ह्ये एकदा बसलं की बसलं, काढलं तर टाकूनच द्यायचं. आन् ह्ये दुसरं कितीबी वेळा उघडा, पुन्हा लावा. पर नऊ गिअरच्या चेनला नऊचंच लागतंय. आठचं घातलं तर ढिलं पडतंय, वाटंत सुटलं म्हंजी माणूस पडतंय."

"पडायचं त्ये पडून गेलंय," लालासाहेब म्हणाले.

मंगलनं डब्यात बोट फिरवलं. नऊचंच काढलं. जुनं लॉक पकडीनं तोडलं, नव्याचा एक अर्धा भाग अलीकडनं घातला, दुसरा पलीकडनं, आणि दोन्ही एकमेकांत सरकवले. मग पॅडल फिरवून ते वरच्या बाजूला आणलं, मागचा ब्रेक दाबून धरला आणि पॅडलवर जोर दिला. टक् करून लॉक बसलं.

"काढायचं कसं?"

"चिमटीत आडवं धरायचं. दोन्ही टोकं एकमेकांकडं ढकलायची. असं."

लालासाहेबांनी तीनदा काढलं, तीनदा घातलं. बंदूक उघडून साफ करणारी बोटं ती, तिसऱ्या खेपेला लॉककडं बघावंही लागलं नाही. "दिवस मावळला की चेन काढणार. उशाखाली घेऊन निजणार. मग बघू कसा जातोय." सायकल हातात धरून ते चालत गेले. मंगल त्यांच्याकडं बघत राहिली. एका हातानं ते सीट दाबून धरून चालले होते, जत्रेत पोराचा खांदा धरावा तसे.

नवव्या दिवशी दुपारी मनुबाई आल्या. लालासाहेबांची बायको. कधी दुकानाच्या बाजूला न फिरकलेली. पदराखालनं त्यांनी जुनेऱ्याचं गाठोडं काढलं आणि काउंटरवर ठेवलं. आत ती चेन होती.

"पोरी, ह्ये लावायला शिकीव मला."

"काकी, सुभेदारांनीच तर काढून ठेवलीया."

"व्हय. आन् सायकल जागची हलंना. त्यास्नी वाटलं, झालं, थांबला." मनुबाई स्टुलावर टेकल्या. "थांबला न्हाई त्यो. चालत जातोय. चेन काढली त्या दिसापास्नं बघतीया मी. सडा घालायला दार उघडलं की उंबऱ्यात पावलं असत्यात. अनवाणी. काल एकच पाऊल नीट हुतं. दुसरं फरफटत आणल्यागत."

मंगलनं गाठोड्यातली चेन उचलली. तिला लॉक काढणारी-घालणारी लालासाहेबांची बोटं आठवली. त्यांनी लॉक विश्वासानं नेलं होतं. नाही म्हणावं असं मनात आलं. पण समोर बसलेली बाई रडत नव्हती, घाबरलीही नव्हती. शाळेतनं पोर यायला उशीर झाला की आईचं तोंड जसं होतं, तसं तिचं झालं होतं.

मंगलनं दुकानातली एक सायकल पुढं ओढली आणि मनुबाईंचा हात हातात घेतला. दोन अर्धे भाग दाखवले, ओवायचे कसे, सरकवायचे कसे. मनुबाईंनी पहिल्याच खेपेला लावलं.

"जरा तेल दे बाटलीत," त्या म्हणाल्या. "लय चढ हाय त्या घाटात."

मंगलनं तेल दिलं. चेन पुन्हा जुनेऱ्यात बांधून दिली. गाठ मारताना तिला राहवलं नाही.

"काकी, सुभेदारांना कळलं तर?"

मनुबाई उठल्या. गाठोडं पदराखाली धरलं.

"दुपारचं कवा निजल्यात का त्ये जल्मात? आज जेवले आन् चेन उशाखाली घेऊन आडवं झाले. मी उशाखाली हात घातला, तर त्यांनीच मान वर उचलून धरली बघ," त्या म्हणाल्या. "डोळं तेवढं उघडलं न्हाईत."