मागच्या जिन्यातली खुर्ची

"काकू, ही खुर्ची इथून हलवावी लागेल," अभिजीत म्हणाला आणि कौसल्याबाईंकडे बघायचं टाळून खुर्चीच्या पायांकडे बघत राहिला.

आगीच्या वेळी उतरायचा मागचा जिना मोकळा ठेवा, अशी नोटीस आली होती. अभिजीत रामदासपेठेतल्या त्या जुन्या बिल्डिंगचा नवा सेक्रेटरी, हुरूपही नवा. जिन्यात अडचण म्हणावी तर एवढीच: दुसऱ्या मजल्याच्या वळणावरची प्लास्टिकची खुर्ची आणि मांडीवरच्या सुपात तांदूळ निवडत तिच्यात बसलेल्या कौसल्याबाई. त्यांचा नवरा, गोपाळराव, नागपूरजवळच्या वाडीच्या एका गोदामात हमाल होता, तरुणपणीच गेला. कसा गेला ते त्या कधी बोलल्या नाहीत. आता लेकीकडे, रोशनीकडे राहत. स्वभाव खाष्ट. कोणी जिन्यात सायकल टेकवली की भांडण, चपलांचा रॅक ठेवला की भांडण. जिना जणू त्यांना आंदण मिळालेला.

एवढं घर असताना इथंच काहून बसता, असं त्याने विचारलं.

"हवा लागते," त्या म्हणाल्या.

त्या वळणावर साधी खिडकीही नव्हती. पण म्हाताऱ्या माणसाशी वाद कशाला, असं अभिजीतने मनाशी म्हटलं. त्या सूप उचलून न भांडता घरात गेल्या. खुर्ची गच्चीवर गेली. अभिजीतला वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. पण नियम म्हणजे नियम.

दिवाळी झाली आणि खिडक्यांवरचे कूलर उतरले. नागपुरात कूलर म्हणजे घरातला जावई. उन्हाळाभर त्याची सरबराई, आणि थंडी पडली की त्याला ठेवायला जागा नाही. आपला कूलर कुठे ठेवू, असं अभिजीतच्या बायकोने, मेघाने विचारलं.

"दोन दिवस राहू दे जिन्यात," तो म्हणाला.

सेक्रेटरीचाच कूलर तिथे म्हटल्यावर बाकीच्यांनी कशाला लाजायचं? संक्रांतीपर्यंत त्या जिन्यात पत्र्याचे कूलर, त्यांचे स्टँड आणि वाळ्याच्या ताट्या अशी वस्तीच झाली. हटकणारं कोणी उरलं नव्हतं.

मग एका सकाळी खालच्या मीटरच्या खोलीने पेट घेतला. पुढच्या जिन्यात काळा धूर कोंडला आणि सगळी बिल्डिंग मागच्या जिन्याकडे धावली. लहानग्या लेकीला, चिन्मयीला कडेवर घेऊन अभिजीत सर्वांत पुढे होता. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्याचा गुडघा त्याच्याच कूलरवर आदळला. पुढे वाट नव्हती, मागून माणसं रेटत होती. धूर आता इकडेही शिरला होता आणि पोरीचा श्वास कोंडत होता. दोघातिघांनी मिळून कूलर कठड्यावरून खाली लोटले, तेव्हा कुठे एका माणसापुरती वाट झाली.

सगळे वाचले. अंगणात कौसल्याबाई पदराने चिन्मयीचे डोळे पुसत होत्या. अभिजीतला त्या एका शब्दाने बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

संध्याकाळी त्याने उरलेसुरले कूलर स्वतः खाली वाहून नेले. गच्चीवरची खुर्ची धुऊन पुसून आणली, वाट सोडून भिंतीला लावली आणि कौसल्याबाईंना बोलवायला गेला. त्या सूप घेऊन आल्या, बसल्या, तांदूळ निवडू लागल्या. तो पायरीवर टेकला.

"तुम्ही जिना राखून राहिल्या होत्या, काकू. त्या दिवशी सांगितलं काहून नाही?"

त्यांनी एक खडा बोटाने बाजूला सारला.

"कोणाकोणाले सांगू, बापू? वाडीच्या गोदामाले आग लागली, तवा आमचे हे मागच्या दाराच्या आतच सापडले. दाराले मालाच्या गाठी लावून होत्या. दोन दिवसांसाठीच ठेवल्या होत्या म्हणे."