शेजारणीसाठी जाकीट

सकाळपासूनच्या अकराव्या बाईने जाकिटाची बाही चाचपली, टेबलावरची पाटी वाचली आणि विचारलं, "हे नक्की कोणासाठी?"

"ज्यांचा एक हात चालत नाही त्यांच्यासाठी," सून म्हणाली. "खांद्यापासून मनगटापर्यंत सबंध बाही उघडते. हात उचलावा लागत नाही. बटणं नाहीतच, आत चुंबकं शिवली आहेत."

"असं होय. माझी एक शेजारीण आहे, तिला सांगते." आणि ती बाई खिशातला डावा हात बाहेर न काढता पुढे निघून गेली.

वाचनालयाचं दालन दुपारी दोनपर्यंतच मिळालं होतं. शिवणकारखान्यातली नोकरी सोडून सुनेने चाळीस जाकिटं शिवली होती, आणि चाळीसच्या चाळीस दांडीवर तशीच लटकत होती. टेबलामागच्या खुर्चीत सासूबाई उजव्या खांद्यावरून शाल घेऊन ताठ बसल्या होत्या. गावातल्या निम्म्या बायका त्यांच्या शाळेत शिकलेल्या. मुख्याध्यापकबाई दिसल्या की आजही त्या बायकांचं चालणं आपोआप सरळ होई.

"आज गावातल्या झाडून साऱ्या शेजारणी आजारी दिसतात," सासूबाई म्हणाल्या.

सून हसली, पण घड्याळाकडे बघत. "आई, पाटी बदलू का? नुसतं 'सुटसुटीत जाकीट' असं लिहिते."

"खोटं लिहायचं नाही."

तेवढ्यात ग्रंथपालबाई आल्या. त्यांनी जाकीट उलटंसुलटं करून पाहिलं. "कल्पना छान आहे गं. पण सुचली कशी? घरात कोणी आहे का असं?"

"नाही हो," सून घडी घालता घालता म्हणाली. "अशीच सुचली."

हे उत्तर इतकं सहज आलं की सासूबाई चपापल्या. ते आजचं नव्हतं. दोन वर्षं रोज सकाळी ही मुलगी सासूचा निकामी हात तळहातावर तोलून बाहीत घालत आली, आणि दारात आलेल्या प्रत्येकाला असंच काहीतरी सांगून परत पाठवत आली. हे आपल्या ध्यानातही आलं नाही.

त्या उठल्या. शाल काढून त्यांनी खुर्चीच्या पाठीवर टाकली. अंगात राखाडी जाकीट होतं. डाव्या हाताने त्यांनी गळ्यापाशी बाही धरली आणि खाली ओढली. बाही मनगटापर्यंत उघडली आणि वाळून काडी झालेला उजवा हात साऱ्या दालनाला दिसला.

"हिने खोटं सांगितलं," त्या म्हणाल्या. कोपऱ्यात मासिकं चाळणाऱ्या बायका वळून पाहू लागल्या. "हे माझ्यासाठी शिवलं. दोन वर्षं हिने मला लहान मुलासारखे कपडे घातले आणि घराबाहेर एक अक्षर काढलं नाही, कारण मला ते खपलं नसतं. हे अंगात आल्यापासून माझं मी आवरते. गोड बोलणं मला कधी जमलं नाही, म्हणून चार लोकांत सांगते. हिचे उपकार आहेत माझ्यावर."

"आई, राहू द्या ना," सून पुटपुटली.

"मी बोलत असताना मध्ये बोलायचं नाही." त्यांनी बाही मिटली. टक, टक, टक. मग दालनावरून नजर फिरवली. "आता सांगा. कोणाकोणाचा हात वर जात नाही?"

दोघी-तिघींनी हात पदराआड घेतले.

"हात वर करू नका, जमायचं नाही. जागेवरूनच सांगा."

कुठेतरी हसू फुटलं. "माझा," ग्रंथपालबाई म्हणाल्या. खिडकीपाशी कोणीतरी म्हणालं, "माझा डावा." आणि मागून एक बारीक आवाज आला, "बाई, माझे दोन्ही."

सून डोळे पुसत टेप शोधू लागली.

"तू मापं घे," सासूबाईंनी वही पुढे ओढली. "नावं मी लिहिते."

त्यांच्या अक्षराचे कित्ते अर्ध्या गावाने गिरवले होते. आता पेन्सिल डाव्या हातात होती, आणि पहिल्याच नावाची वेलांटी घसरत ओळीबाहेर गेली. रांगेतल्या बायका एकेक करून वाकल्या आणि आपापलं नाव अगदी सावकाश, अक्षर अक्षर सुटं करून सांगू लागल्या.